विकतचे दुवे आणि आप्तोपदेश

पिंपरी, चिंचवड, भोसरी, निगडी, तळवडे येथपासून थेट चाकण-म्हाळुंग्यापर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात दवाखाना वा औषधालय चालविणाऱ्या वैद्यांना हल्ली एक प्रस्ताव वरचेवर येत असतो. कधी दूरध्वनीवर, कधी ई-मेलने, कधी व्हॉट्सॲपवर. त्याचा मथितार्थ एकच. आपल्या संकेतस्थळाकडे नेणारे काही शे दुवे, म्हणजेच लिंक, ठरावीक रकमेत इतर संकेतस्थळांवर बसवून दिले जातील आणि त्यायोगे गूगलच्या शोधात आपले नाव पहिल्या पानावर झळकेल. रक्कम फार नसते, आश्वासन मात्र मोठे असते. आणि शेजारच्या चौकातील व्यावसायिकाने हे केव्हाच करून घेतले आहे, अशी पुस्तीही जोडलेली असते. हा व्यवहार करावा की न करावा? आमचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु नुसता नकार देऊन भागणार नाही. हा दुवा म्हणजे नेमके काय, त्याला किंमत का आली, आणि तो विकत घेतल्याने काय गमावले जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

१९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी शोधयंत्राची एक नवी रीत मांडली. तोवरची बहुतेक शोधयंत्रे पानावर कोणता शब्द किती वेळा आला आहे, यावर प्रामुख्याने भिस्त ठेवीत. या दोघांनी विद्याक्षेत्रातील जुनी परिपाठी उचलली. एखाद्या शोधनिबंधाचा हवाला जितक्या जाणत्या संशोधकांनी दिला असेल, तितके त्याचे वजन अधिक. तोच न्याय त्यांनी संकेतस्थळांना लावला. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला, म्हणजे त्याची शिफारस केली, असे मानले. त्यात दोन बारकावे होते. पहिला असा की, शिफारस करणाऱ्याचे स्वतःचे वजन जितके, तितकी त्याची शिफारस भारी. दुसरा असा की, एकाच पानाने शेकडो दुवे दिले तर त्याचे वजन त्या साऱ्यांत वाटले जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. याच कल्पनेवर पुढे गूगल उभे राहिले. आज क्रम ठरविताना ते इतर अनेक गोष्टी पाहते. तरी दुव्याचे महत्त्व सर्वस्वी संपलेले नाही.

वैद्याला ही कल्पना परकी वाटू नये. चरकाचार्यांनी परीक्षेची चार साधने सांगितली: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. जे स्वतः पाहता येत नाही, त्याविषयी आप्ताचे वचन प्रमाण मानावे. मात्र आप्त कोण, याची कसोटीही त्यांनीच घालून दिली. रज आणि तम यांपासून जो मुक्त आहे, ज्याचे ज्ञान निर्दोष आहे आणि म्हणून ज्याला खोटे बोलण्याचे कारण उरलेले नाही, तो आप्त. पेज आणि ब्रिन यांनी यंत्राकडून जे करवून घेऊ पाहिले, ती एका अर्थी आप्तोपदेशाचीच नक्कल होती. यंत्राला वैद्याची नाडीपरीक्षा तपासता येत नाही, औषधालयातील च्यवनप्राशाची चवही घेता येत नाही. म्हणून ते विचारते, तुमच्याविषयी कोण बोलते, आणि बोलणारा कोण आहे?

आमच्या पट्ट्यातील उद्योजकाला हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगता येईल. भोसरीतील लहानशा कारखान्यात सुटे भाग करणाऱ्याला एखाद्या मोठ्या मोटार कंपनीने मान्यताप्राप्त व्हेंडर केले, की त्या एका नावावर चाकणच्या दुसऱ्या कंपनीचा खरेदी विभाग त्याला दारात उभे करतो. ही मान्यता त्याने मालाच्या तपासणीतून, वेळेवर पुरवठ्यातून, वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून मिळविलेली असते. उद्या असे मान्यतापत्र कोणी छापून विकू लागला, तर पहिल्या दिवशी विकत घेणाऱ्याचा फायदा होईल. महिन्याभरात मात्र कोणाच्याच मान्यतापत्राला किंमत उरणार नाही. दुव्यांच्या बाजारात नेमके हेच घडले.

हा बाजार कसा चालतो, तेही सांगितले पाहिजे. कोणी वाचत नाही अशी संकेतस्थळे शेकड्यांनी उभारली जातात. मुदत संपलेली जुनी, एके काळी नावारूपास आलेली नावे विकत घेऊन त्यांवर भलताच मजकूर भरला जातो. एकच लेख शब्दांची अदलाबदल करून पन्नास ठिकाणी डकवला जातो, आणि प्रत्येक लेखात ‘पिंपरीतील सर्वोत्तम आयुर्वेदिक उपचार’ अशा शब्दांखाली ग्राहकाचा दुवा दडविलेला असतो. वाचकासाठी यात काहीच नसते. सारे यंत्राच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी असते.

यंत्रही फार काळ स्वस्थ बसले नाही. २०११ च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळीचे प्रकरण उजेडात आणले. सणासुदीच्या हंगामात असंख्य वस्तूंच्या शोधात ही कंपनी अग्रभागी होती आणि त्यामागे हजारो असंबद्ध पानांवर पैसे देऊन बसविलेले दुवे होते. गूगलने कारवाई करताच तिची पाने कित्येक शोधांत खोल खाली गेली. २४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ या नावाने ओळखली जाणारी सुधारणा आली. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर तिचा परिणाम होईल, असे गूगलने त्या वेळी सांगितले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्याला नको असलेले दुवे नाकारण्याची सोय संकेतस्थळाच्या मालकांना द्यावी लागली. यावरून किती जणांच्या गळ्यात हे लोढणे पडले होते, याची कल्पना यावी. २०२२ च्या डिसेंबरात विकत घेतलेले व विकणारे असे दोन्ही दुवे ओळखून त्यांचे वजन शून्य करणारी यंत्रणा लागू झाली. २०२४ च्या मार्चमध्ये मुदत संपलेली नावे विकत घेऊन वापरण्यालाही स्पष्टपणे फसवणुकीत गणले गेले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, आज विकत घेतलेला दुवा बहुधा निरुपयोगी ठरतो. आणि निरुपयोगी ठरला नाही, तर धोकादायक.

आरोग्यविषयक संकेतस्थळांच्या बाबतीत ही कसोटी अधिक कडक आहे. माणसाच्या पैशाशी वा जिवाशी संबंध येणाऱ्या मजकुराचा वेगळा वर्ग गूगलच्या मूल्यमापकांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत केलेला आहे, आणि अशा पानांमागील व्यक्तीचा अनुभव, नैपुण्य, अधिकार व विश्वासार्हता पाहावी, असे त्यांत सांगितले आहे. २०१८ च्या ऑगस्टमधील मोठ्या फेरबदलात आरोग्यविषयक अनेक संकेतस्थळांचे क्रम इतके हलले की, जाणकारांनी त्याला ‘मेडिक’ असेच टोपणनाव दिले.

आता कायद्याकडे वळू. कारण येथे यंत्राच्या रोषापेक्षा मोठा धोका आहे. दुवे विकणारी मंडळी केवळ दुवा बसवीत नाहीत, त्याभोवती मजकूरही लिहितात, आणि तो मजकूर वैद्याच्या नावाने असतो. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘शस्त्रक्रियेविना मुतखडा हमखास निघेल’, ‘लठ्ठपणावर रामबाण’ अशी वाक्ये त्यात सर्रास आढळतात. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या परिशिष्टात ५४ व्याधी व अवस्था दिलेल्या आहेत. मधुमेह, लठ्ठपणा, मूत्राशय व वृक्कातील अश्मरी, रक्तदाब, अपस्मार, पक्षाघात, श्वित्र, कर्करोग ही सारी नावे त्यात आहेत. त्यांच्या निदानासाठी, उपचारासाठी वा प्रतिबंधासाठी अमुक औषध वापरावे, अशी जाहिरात करणे हा अपराध असून, पहिल्या दोषसिद्धीस सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही, आणि पुढच्या खेपेस एक वर्षापर्यंत कारावास अशी तरतूद आहे. नोंदणीकृत वैद्याला आपल्या दवाखान्याच्या जागेत, तेथे अशा व्याधींवर उपचार होतात, असा फलक लावण्याची सवलत कलम १४ मध्ये आहे. परंतु ही सवलत जागेवरील फलकाची आहे. परक्या पन्नास संकेतस्थळांवर पसरलेल्या मजकुराला ती लागू होईल, या भरवशावर कोणी राहू नये. औषध नियमांतील १७० वा नियम २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये तो वगळण्याची अधिसूचना निघाली, आणि त्यावरील न्यायालयीन चढउतार वाचकांना ठाऊक आहेतच. तो नियम राहो वा जावो, १९५४ चा कायदा आपल्या जागी आहे. आणि नोटीस आली, तर ती दुवे विकणाऱ्याच्या नव्हे, वैद्याच्या पत्त्यावर येईल. मजकूर दुसऱ्याने लिहिला होता, हे सांगण्याची वेळ त्याच्यावर येईल.

ॲलोपॅथीच्या व्यावसायिकांपुढेही हा प्रश्न आला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये जी आचारनियमावली प्रसिद्ध केली, तिच्यात पैसे देऊन शोधयंत्राच्या यादीत आपले नाव सर्वांत वर आणवू नये, तसेच पसंती व अनुयायी विकत घेऊ नयेत, असे सांगितले होते. ती नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली, आणि ती आपल्या शाखेसाठी नव्हतीही. तरी त्यामागील विवेक कोणत्याही पॅथीचा मक्ता नाही. किंबहुना तो आपल्या संहितेत त्याहून फार आधी सांगितलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २९ व्या अध्यायात वैद्यांचे दोन वर्ग केलेले आहेत: प्राणाभिसर आणि रोगाभिसर. दुसऱ्या वर्गाचे वर्णन ज्यांनी वाचले असेल, त्यांना आजचा बाजार ओळखीचाच वाटेल. कोणी आजारी असल्याचे कळताच हे लोक त्याच्याभोवती घिरट्या घालतात, त्याला ऐकू जाईल अशा बेताने आपले गुण मोठ्याने गातात, उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष पुनःपुन्हा काढतात आणि रुग्णाच्या मित्रांना गोड बोलून आपल्याकडे वळवितात. रुग्णाच्या मित्रांच्या जागी संकेतस्थळे घातली, की चित्र पूर्ण होते.

या सगळ्यात खरी झळ कोणाला लागते? चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार विदर्भातून, मराठवाड्यातून वा परप्रांतातून आलेला असतो. घरचा वैद्य गावी राहिलेला असतो आणि येथे ओळखीचे कोणी नसते. कारखान्याच्या आरोग्यतपासणीत साखर वाढल्याचे कळते. पाळी संपवून खोलीवर आल्यावर तो भ्रमणध्वनीवर शोध घेतो. त्या क्षणी त्याच्यापुढे जे पहिले येते, त्यालाच तो जाणता समजतो. कारण पहिला क्रम ही त्याच्या लेखी शिफारस असते. ती शिफारस विकत घेतलेली असेल आणि तिच्यामागे ‘इन्शुलिन सोडा, चूर्ण घ्या’ असे सांगणारा विक्रेता असेल, तर त्याची किंमत कामगाराने आपल्या वृक्कांनी, दृष्टीने किंवा प्राणांनी चुकवावी लागते. असा रुग्ण उशिरा का होईना, रुग्णालयात पोहोचतो, आणि तेथे दोष लागतो तो आयुर्वेदाला. चाळीस वर्षे सचोटीने व्यवसाय केलेल्या वैद्याच्या नावालाही त्याचा डाग लागतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. लबाड लोक दुवे घेतात व वर येतात. सचोटीचा वैद्य मागे राहतो. मग रुग्ण लबाडाच्याच हाती जातो. अशा वेळी चांगल्या हेतूने थोडे दुवे घेतले, तर बिघडले कोठे? आमचे म्हणणे असे की, या चढाओढीत सचोटीचा माणूस कधीच जिंकत नसतो. ज्याला संकेतस्थळ बुडाले तर दुसऱ्या नावाने नवे काढायचे आहे, त्याला शिक्षेचे भय नाही. वैद्याचे नाव, नोंदणी क्रमांक आणि पाटी एकच असते. शिवाय ज्या मैदानात खेळण्यासाठी हा खर्च करायचा, ते वैद्याचे मैदानच नव्हे. ‘जवळचा आयुर्वेदिक दवाखाना’ असा शोध घेणाऱ्याला गूगल नकाशासह जी स्थानिक यादी दाखविते, तिचा क्रम समर्पकता, अंतर आणि ख्याती या तीन गोष्टींवर ठरतो, असे गूगल स्वतःच सांगते. पैसे देऊन तो क्रम वाढविता येत नाही, असेही सांगते. मोशीच्या रुग्णासाठी मोशीचा वैद्य जवळचा आहे, ही गोष्ट दूरदेशीचे हजार दुवेही बदलू शकत नाहीत.

मग करावे काय? गप्प बसावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पहिली गोष्ट म्हणजे गूगलवरील आपल्या व्यवसायाची नोंद स्वतः हाती घ्यावी. नाव पाटीवर आहे तेच असावे. त्याला ‘सर्वोत्तम’, ‘हमखास’ अशी शेपटे जोडू नयेत. पत्ता, दूरध्वनी आणि वेळा सर्वत्र एकसारख्या असाव्यात. रुग्णांच्या अभिप्रायांच्या बदल्यात सवलत वा भेट देऊ नये. ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहेच. शिवाय ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानकही आता आहे.

दुसरी गोष्ट, मराठीत लिहावे. इंग्रजीच्या मानाने मराठीतील विश्वसनीय वैद्यकीय मजकूर फारच थोडा आहे. रात्रीजागरण करणाऱ्याने दिवसा केव्हा व किती झोपावे, भट्टीजवळ काम करणाऱ्याने ग्रीष्मात आहार कसा ठेवावा, दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्याच्या कटिशूलात तातडीने डॉक्टर गाठावा अशी लक्षणे कोणती, हे या पट्ट्यातील वैद्याइतके कोण सांगू शकेल? अशा लेखाखाली आपले नाव, पदवी व नोंदणी क्रमांक द्यावा. आता शोधयंत्र यादीच्या वर स्वतःच रचलेले उत्तर दाखवू लागले आहे. तेही कोणाच्या तरी लिखाणावरच उभे असते. लिहिणारे आपण नसू, तर दुसरे कोणी असेल.

तिसरी गोष्ट, जे नाते खरे आहे त्याचा दुवा मागण्यास संकोच करू नये. औषधालयाच्या मालकाने, ज्या कंपन्यांची औषधे तो अधिकृतपणे विकतो त्यांच्या विक्रेत्यांच्या यादीत आपले नाव व संकेतस्थळ आहे का, हे पाहावे. वैद्याने आपल्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पानावर, व्याख्यान दिलेल्या संस्थेच्या पानावर, शिबिर घेतलेल्या कारखान्याच्या वा गृहसंस्थेच्या पानावर उल्लेख व्हावा, असे सांगावे. पंचकर्मासाठी आपण ज्यांच्याकडे रुग्ण पाठवितो, त्यांचा दुवा आपल्या पानावर द्यावा. मात्र ‘तू माझा दे, मी तुझा देतो’ असा घाऊक सौदा करू नये. त्यालाही गूगल फसवणूकच समजते. आणि जाहिरातच करायची असेल, तर ती कायद्याच्या चौकटीत, जाहिरात म्हणून उघड करावी. पैसे दिलेल्या दुव्याला तशी खूण करण्याची सोय २०१९ पासून आहे. खूण केलेल्या दुव्याला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती विकतच्या शिफारशीला आप्तवाक्याचा वेष चढविण्याला.

हवाल्याचे बळ किती असते, हे आपल्या हळदीने जगाला दाखवून दिले आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या व्रणरोपण गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ एवढे सांगून ते रद्द झाले नसते. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवावे लागले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक निबंधही होता. तो लिहिणाऱ्यांनी पुढे कधी पेटंटचा खटला लढायचा आहे म्हणून लिहिला नव्हता. खरे काम केले, नीट नोंदवून ठेवले, आणि चार दशकांनी ते कामास आले. प्रामाणिक दुवा असाच असतो.

शेवटी आपल्या संघटनेकडे आमची एक मागणी आहे. १९०७ साली नाशिक येथे वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला, तो विखुरलेल्या वैद्यांना एकत्र आणण्यासाठी. आज वैद्य एका गावात राहूनही शोधयंत्राच्या लेखी विखुरलेलेच आहेत. संघटनेने आपल्या संकेतस्थळावर सर्व सभासदांची, नोंदणी क्रमांक पडताळलेली, विभागवार यादी प्रसिद्ध करावी व प्रत्येकाच्या संकेतस्थळाचा दुवा त्यात द्यावा. जो सभासद आक्षेपार्ह जाहिरात करील, त्याला आधी समज द्यावी आणि न ऐकल्यास त्याचा दुवा काढावा. त्यासाठी पैसा फारसा लागणार नाही. यादी अद्ययावत ठेवण्याची शिस्त आणि आपल्याच माणसाला नाही म्हणण्याचे धैर्य मात्र लागेल. ही शिस्त पाळली गेली, तर त्या एका दुव्याला बाजारातल्या पाचशे दुव्यांहून अधिक मोल येईल, आणि रात्रपाळीहून परतलेल्या त्या कामगारापुढे निदान एक तरी खरे नाव येईल.